जव्हार: लेकराबाळांसह, कमी खर्चात जाता येईल असं डोंगरावरचं गाव

पालघर जिल्ह्यातलं जव्हार हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर वसलेलं छोटं शहर आहे. आसपासचा जव्हार आणि मोखाडा तालुका हा मुख्यतः आदिवासी भाग. माथेरान-महाबळेश्वरची गर्दी आणि तिथले दर टाळून पहिल्यांदाच डोंगर, दरी, धबधबा पाहायला निघालेल्या कुटुंबांना जव्हार परवडतं. पण ते परवडतं का, हे समजून घेतलं तर तिथे कसं वागायचं हेही कळतं.

जव्हार वेगळं का आहे?

माथेरानचा शोध १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने लावला असं मानलं जातं. तिथे बंगले उभे राहिले आणि १९०७ मध्ये छोटी रेल्वेही पोहोचली. थंड हवेची अशी ठिकाणं साहेबांच्या विश्रांतीसाठी घडवली गेली.

जव्हारचं तसं नाही. ही एका संस्थानाची राजधानी होती. चौदाव्या शतकापासून इथे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचं राज्य होतं. १९४८ मध्ये ते भारतात विलीन झालं. त्यामुळे जव्हार आधी लोकांचं गाव आहे, मग पर्यटनस्थळ. इथे मॉल रोड नाही आणि घोडेवालेही मागे लागत नाहीत. बाजारात गर्दी दिसते ती पाड्यांवरून खरेदीला आलेल्या लोकांची.

काय पाहता येतं?

* हनुमान पॉइंट आणि सनसेट पॉइंट: दोन्ही शहरालगत आहेत. लहान मुलं आणि आजी-आजोबांनाही झेपेल इतकंच चालणं.
* शिरपामाळ: १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, असं सांगितलं जातं. त्यावरून हे नाव पडलं.
* जय विलास राजवाडा: राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला हा वाडा खासगी मालमत्ता आहे. आत जाण्याआधी परवानगी विचारा.
* दाभोसा धबधबा: लेंडी नदीवरचा हा धबधबा साधारण ३०० फुटांवरून कोसळतो. शहरापासून अंतर सुमारे २० किलोमीटर.
* भूपतगड: नवख्या ट्रेकरना जमेल असा किल्ला. वर तटबंदीचे अवशेष आणि पाण्याची टाकी आहेत. वाट दाखवायला गावातला माणूस सोबत घ्या.

मोखाडा तालुक्यात देवबांधचं गणपती मंदिर आणि सूर्यमाळचं पठार आहे. हाताशी दुसरा दिवस असेल तर तिकडे वळा.

कसं जायचं?

मुंबईहून रस्त्याने अंतर साधारण दीडशे किलोमीटर, तर नाशिकहून त्र्यंबकेश्वर-मोखाडा मार्गे साधारण ८० किलोमीटर. जव्हारला एसटीचं आगार आहे. राज्यात २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनाही सवलत मिळते. चौघांच्या कुटुंबाचा खर्च इथेच बराच कमी होतो. मात्र धबधबे आणि गड शहराबाहेर असल्यामुळे तिथपर्यंत स्थानिक गाडी ठरवावी लागते.

कधी जायचं?

हिरवळ आणि धबधबे पाहायचे तर ऑगस्ट ते ऑक्टोबर. जुलैच्या मुसळधार पावसात घाटरस्ते आणि ओढे अवघड होतात. हिवाळा चालण्यासाठी उत्तम. उन्हाळ्यात मात्र धबधबे आटतात आणि पाणीटंचाई सुरू होते.

धबधब्यावर काय सांभाळायचं?

आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या डोंगरात पडलेला पाऊस थोड्याच वेळात खाली पोहोचतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर सामान गोळा करत बसू नका. लगेच मुलांना घेऊन उंच जागी जा. डोहात उडी मारू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली खडक असतात. पावसाळ्यात प्रशासन काही धबधब्यांवर बंदी घालतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

तुमचा पैसा कुठे जातो?

इथली मुख्य पिकं भात, नाचणी आणि वरई. शेती बहुतेक पावसावर. कापणी उरकली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर काम शोधायला बाहेर पडतात, सोबत मुलंही जातात आणि त्यांची शाळा सुटते. मोगरा आणि काजूच्या लागवडीमुळे काही घरांना गावातच कमाई मिळू लागली आहे. पर्यटनातूनही तसंच होऊ शकतं, पण पाहुण्यांचा पैसा गावात उतरला तरच.

डबे, पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्स शहरातून भरून आणले, तर गावात फक्त कचरा उरतो. त्याऐवजी नाचणीची भाकरी आणि भाजीचं जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा, गावातलाच वाटाड्या घ्या आणि वारली चित्र थेट कलाकाराकडून विकत घ्या. दर आधी विचारा, मग घासाघीस करू नका.

पाण्याचंही तसंच. मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, तरीही याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मार्च ते मे मध्ये गेलात तर बादलीभर पाण्यात भागवा.

साखरशेतसारख्या गावांतून जाताना घरांचे आणि माणसांचे फोटो विचारूनच काढा. लग्नाचा चौक किंवा तारपा नाच हा तिथे खेळ नसतो, घरचं कार्य असतं. बोलावलं तर जरूर थांबा.