स्टेप ५ प्रोग्राम-फाइली

स्टेप ५ प्रोग्राम-फाइली : सीमेन्स या जर्मन कंपनीच्या सिमॅटिक एस५ मालिकेतील पीएलसींसाठी (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे यंत्रे चालवणारे औद्योगिक नियंत्रक) लिहिलेल्या प्रोग्रामांच्या फाइली. एस५ मालिका १९७९ मध्ये बाजारात आली. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सीमेन्सचीच एस७ मालिका तिची जागा घेऊ लागली, तरी कारखान्यांतले एस५ पुढेही वर्षानुवर्षे चालू राहिले. परिणामी यंत्र धडधाकट आणि त्याचा प्रोग्राम उघडणारा संगणक मात्र भंगारात, अशी स्थिती ठिकठिकाणी आढळते.

पार्श्वभूमी : या पीएलसींचे प्रोग्रामिंग प्रथम सीमेन्सच्याच ‘पीजी’ नावाच्या खास यंत्रांवर होई. आरंभीच्या काही पीजींवर सीपी/एम कुळातील कार्यप्रणाली होती. नंतर एमएस-डॉस व शेवटी विंडोज आले. स्टेप ५ भाषेतला प्रोग्राम लॅडर, लॉजिक-चिन्हांची आकृती किंवा सूचनांची यादी अशा तीन रूपांत पाहता येतो. पीएलसीत मात्र एमसी५ हा यंत्रसंकेतच राहतो.

फाइलींची नावे : नावाच्या आठ अक्षरांपैकी पहिली सहा वापरणाऱ्याची, उरलेली दोन सॉफ्टवेअरची. प्रोग्राम असलेल्या फाइलीचे नाव ‘एसटी’ने संपते व पुढे ‘.एस५डी’ हे विस्तारनाम लागते. नाव सहा अक्षरांपेक्षा लहान असेल तर मधली जागा ‘@’ चिन्हांनी भरली जाते. जुन्या फ्लॉपीवर अशी नावे दिसली तर फाइल बिघडली असे समजू नये. मात्र कोणी हौसेने नाव बदलून ‘एसटी’ काढून टाकले असेल, तर स्टेप ५ ला ती फाइल सापडत नाही. नाव पूर्ववत केले की सापडते.

चिन्हनावांची, म्हणजे कोणता इनपुट कोणत्या लिमिट स्विचचा व कोणता आउटपुट कोणत्या मोटरचा याची यादी वेगळ्या फाइलीत असते. तिच्या नावाचा शेवट ‘झेड०’ व विस्तारनाम ‘.एसईक्यू’. झेड०, झेड१ व झेड२ या ‘.आयएनआय’ फाइली तिच्यावरून पुन्हा तयार करता येतात. क्रॉस-रेफरन्सची फाइल ‘एक्सआर’ची, प्रोजेक्टच्या मांडणीची ‘पीएक्स’ची. बॅकअप म्हणून हाती येते ती बहुधा एकटी एस५डी फाइल. घेणाऱ्याने आकाराने मोठी दिसली तेवढीच उचललेली असते.

पीएलसीतून वाचणे : फाइल मिळत नसेल तर चालू पीएलसीतून प्रोग्राम वाचून घेता येतो. जोडणी १५ पिनांच्या सॉकेटमधून, २० मिलिअँपिअरच्या करंट-लूपवर, एएस५११ या प्रोटोकॉलने होते. संगणकाच्या सीरियल पोर्टला जोडताना मध्ये रूपांतरक लागतो. या मार्गाने सूचना बिनचूक येतात, पण टिपणे व चिन्हनावे येत नाहीत, कारण ती पीएलसीत कधी गेलेलीच नसतात. टिपणे एस५डी फाइलीतच, पण वेगळ्या ब्लॉकांत ठेवलेली असतात.

डेटा-ब्लॉकांचे आणखी एक दुखणे आहे. एखादा शब्द वेळ, पूर्णांक की नुसती बिटे, ही माहिती ब्लॉकाच्या जोडशीर्षकात असते. ते हरवले की सगळे आकडे हेक्साडेसिमल रूपात दिसतात. उदा., ‘केटी ०५०.१’ म्हणजे एकदशांश सेकंदाचे पन्नास भाग, अर्थात पाच सेकंद. तोच मजकूर ‘१०५०’ असा हेक्स दिसतो. नवख्याने तो साधा पूर्णांक मानून दशमानात आणला तर ४१७६ येतो, आणि त्याचा यंत्राशी काही मेळ लागत नाही. म्हणून पीएलसीतून वाचलेल्या प्रतीला ‘पूर्ण बॅकअप’ म्हणणे सैलपणाचे आहे.

प्रोग्राम ईप्रॉमवर नसून रॅममध्ये असेल, तर वाचून घेण्याआधी वीज बंद करू नये. बॅटरी उतरलेली असल्यास प्रोग्राम पुसला जातो. बॅटरी बदलायची तीही पुरवठा चालू ठेवूनच.

सॉफ्टवेअर : स्टेप ५ च्या डॉस-आवृत्त्या १६ बिटांच्या असल्याने ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. नुसती फाइल पाहायची असेल तर आभासी संगणकावर जुनी कार्यप्रणाली पुरते. पीएलसीशी बोलायचे असेल तर खरा सीरियल पोर्ट असलेला जुना लॅपटॉप बरा, असे मेंटेनन्सवाले सांगतात. यूएसबी-सीरियल जोडणीबाबत अनुभव सारखे नाहीत. आयबीएच सॉफ्टेक या जर्मन कंपनीचे ‘एस५ फॉर विंडोज’ हा स्वतंत्र पर्याय आहे. जुन्या आवृत्त्यांच्या प्रती वापरण्याचा प्रश्न परवान्याच्या अटींवर अवलंबून असतो.

फाइल उघडल्यावर आधी संक्षेपांची पद्धत पाहावी. जर्मन पद्धतीत ‘ए’ म्हणजे आउटपुट. इंग्रजीत आउटपुटला ‘क्यू’ आणि ‘ए’ ही ‘अँड’ क्रिया. हा फरक दाखवण्यापुरताच आहे, आतला संकेत एकच. टिपणे मात्र ज्या भाषेत लिहिली त्याच भाषेत राहतात.

एस७ मध्ये रूपांतर : एस७ साठीच्या ‘स्टेप ७’ या सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीत एस५ फाइलींचा रूपांतरक आहे. त्याला एस५डी फाइलीबरोबर एक्सआर फाइल लागते; एसईक्यू दिली तर चिन्हनावेही येतात. बाहेर पडते ती सूचनांची मजकुरी यादी, लॅडर नव्हे. एस५ मध्ये डेटा-ब्लॉकातले पत्ते शब्दांनी मोजतात, एस७ मध्ये बाइटांनी. त्यामुळे डीडब्ल्यू १० चा डीबीडब्ल्यू २० होतो, आणि त्याच शब्दातला शून्यावा बिट २१ व्या बाइटात जातो. रूपांतरक हे सांभाळतो. पत्ता अप्रत्यक्षपणे काढणारे प्रोग्राम तपासावे लागतात ते माणसालाच. ॲनालॉग मूल्ये वाचणारे तयार फंक्शन-ब्लॉक बदलून घ्यावे लागतात. रूपांतर झाले म्हणजे काम झाले असे मानणारे अहवाल पुष्कळ असतात. यंत्र चालवून पाहिल्याशिवाय त्यांना फारशी किंमत नाही.

इतर कंपन्या : ॲलन-ब्रॅडलीच्या पीएलसी-५ साठी ‘६२०० सिरीज’ व नंतर आरएसलॉजिक्स ५ ही प्रोग्रामिंगची सॉफ्टवेअरे. या दुसऱ्याचा परवाना पूर्वी फ्लॉपीवरून संगणकात हलवावा लागे. फ्लॉपी खराब झाली की सॉफ्टवेअर असूनही अडे. मॉडिकॉन ९८४ साठी मॉडसॉफ्ट.

प्रमाणीकरण : आयईसी ६११३१-३ (१९९३) ने भाषा ठरवल्या, फाइलींचे स्वरूप नव्हे. पीएलसीओपन या संघटनेचे एक्सएमएल स्वरूप २०१९ मध्ये आयईसी ६११३१-१० म्हणून आले. स्टेप ५ च्या फाइलींना त्याचा उपयोग नाही.