हावड्याची सुई, परळचा माग

जैविक हल्ला म्हटलं की २००१ ची अमेरिकेतली अँथ्रॅक्सची पाकिटं आठवतात. पण आपल्याकडे २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनच्या गर्दीत पाकूरच्या अमरेंद्र पांडेला कुणीतरी सुई टोचली. ४ डिसेंबरला तो गेला. रक्तात प्लेगचे जंतू निघाले.

रोगानं मेलेल्याचा खून झाला, हे सिद्ध कसं करायचं? कलकत्त्यात तेव्हा प्लेग नव्हता. मग जंतू आले कुठून, हे शोधत तपास मुंबईत पोचला. परळची हाफकिन संस्था, आर्थर रोडचं साथरोग रुग्णालय; तिथून डॉ. तारानाथ भट्टाचार्य आणि इस्टेटीपायी उठलेला सावत्र भाऊ विनयेंद्र यांचा माग लागला. फाशी सुनावली गेली, १९३६ साली हायकोर्टानं जन्मठेप केली.

प्लेगची लस करणाऱ्या संस्थेच्याच दारी मारेकरी गेला, हे मनातून जात नाही.