बिडाची चूल आणि हरवलेली जाळी

तारापूरला एक जुना बंगला पाडत होते. तिथला माल बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे आला होता आणि त्या ढिगात मला ती दिसली. चार वाकडे पाय, तीन दारं, माथ्यावर दोन गोल झाकणं. "बीड आहे, किलोवर घ्या," तो म्हणाला. मी आयटीवाला, शनिवार रिकामा. घेतली. टेम्पोचं भाडं जवळजवळ चुलीच्या किमतीएवढं झालं!

बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या घावनाच्या तव्याचं. त्यात कार्बन २ ते ४ टक्के असतो, म्हणून ते वाकत नाही, थेट तडकतं. हातोडी लांब ठेवायची. गंज काढायला मी पिंपात पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरीचा चार्जर वापरला. गंजलेला भाग ऋण टोकाला, दुसऱ्या टोकाला साधी लोखंडी पट्टी. (स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.) हे उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो.

दुसऱ्या दिवशी दारावर अक्षरं वर आली. 'कॅरन', आणि खाली 'आरडी नंबर' व सहा आकडे, सुरुवात २५१ ने.

कॅरन हा स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कजवळचा ओतकाम कारखाना, १७५९ चा. 'कॅरोनेड' या आखूड आरमारी तोफेचं नाव त्याच्यावरूनच पडलं. तोफा ओतणारे चुलीही ओतत. नंबराची गोष्ट त्याहून मजेदार आहे. ब्रिटनमध्ये १८८४ पासून नोंदवलेल्या प्रत्येक डिझाइनला एकापुढे एक क्रमांक मिळू लागला. १९०० उजाडलं तेव्हा क्रमांक साडेतीन लाखांवर गेला होता. अडीच लाखांच्या आसपासचे १८९५ चे. पण हे साल डिझाइनच्या नोंदणीचं. चूल नंतर कधीही ओतलेली असू शकते. मी मात्र घरच्या ग्रुपवर 'आपली १८९५ ची चूल' असं टाकून मोकळा झालो.

जवसाचं तेल लावून, तापवून, ग्रॅफाइटने घासून ती काळीभोर केली. मग चिंचणीहून आजीला आणलं. तिची आई त्या बंगल्यात स्वयंपाकाला होती, एवढं मला माहीत होतं.

आजीने जळणाचं दार उघडलं, आत हात घातला. "जाळी कुठाय?"

जाळी होती. चार ठोकलेल्या सळया, वेड्यावाकड्या. आतली एका बाजूची वीटही कुणीतरी काढलेली. मला वाटलं, नंतरची जुगाडी दुरुस्ती. मला तर फॅक्टरी रीसेट हवा होता! सळया मी त्याच भंगारवाल्याला परत विकल्या होत्या.

आजी म्हणाली, "अरे, ती माझ्या आईने करून घेतलेली."

चूल कोळशाची, म्हणून तिचं भट्टीचं घर आखूड आणि खोल. युद्धाच्या वर्षांत कोळसा मिळेना. पणजी किनाऱ्यावरून सुरूच्या फांद्या आणायची, पण लाकूड आत मावत नसे. तिने वीट काढायला लावली आणि गावच्या लोहाराकडून लांब जाळी ठोकून घेतली. मालकांचा पाव भाजायचा राहिला नाही. या चुलीवर फॉल्कर्कचं नाव ओतलेलं आहे, नंबरही आहे. पणजीची खूण म्हणजे त्या चार सळया.

सोमवारी सुट्टी टाकून भंगारवाल्याकडे गेलो. माल एमआयडीसीतल्या भट्टीत गेला होता. त्याने वहीत दाखवलं : साडेतीन किलो.

आजीला विचारलं, केवढी होती? तिने कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात धरला, मग बोटं थोडी मिटली. मी टेप लावली. सोळा इंच.

पालघरजवळ एक लोहार अजून भाता चालवतो. रविवारी जायचंय, आजीही येते म्हणाली. सळईवर यंदाचं साल ठोकून घेणार आहे, म्हणजे पुढे कुणी तिला पणजीची समजणार नाही.