युगांडातील एड्सविरोधी लढ्यात धर्मसंस्था व नागरी समाज यांची भूमिका : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांचा सामाजिक इतिहास लिहिताना एड्सचा विचार टाळता येत नाही. हा रोग वैद्यकशास्त्रापुरता मर्यादित राहिला नाही. लैंगिकता, विवाह, पाप आणि मृत्यू या ज्या विषयांवर धर्माने परंपरेने आपला अधिकार सांगितला, नेमक्या त्याच विषयांत त्याने प्रवेश केला. त्यामुळे रोग्याकडे अपराधी म्हणून पाहावयाचे की आप्त म्हणून, हा प्रश्न धर्मसंस्थांपुढे अटळपणे उभा राहिला. पूर्व आफ्रिकेतील युगांडा हा देश या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तेथील प्रौढ लोकसंख्येतील एच.आय.व्ही. बाधितांचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या आरंभी सुमारे १५ टक्के होते. ते २००१ च्या सुमारास ६ टक्क्यांच्या आसपास आले. या बदलाचे श्रेय बहुधा राष्ट्राध्यक्षांच्या नेतृत्वाला दिले जाते. प्रस्तुत लेखात त्यामागील धर्मसंस्था व नागरी समाज यांच्या कार्याचा आणि त्या कार्याच्या मर्यादांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युगांडाची राजधानी कंपाला टेकड्यांवर वसलेली आहे. नामिरेंबेच्या टेकडीवर अँग्लिकन, रुबागावर कॅथलिक आणि किबुलीवर मुस्लिम धर्मकेंद्र आहे. ही भौगोलिक विभागणी ऐतिहासिक संघर्षाचीही खूण आहे. १८८८ ते १८९२ या काळात बुगांडाच्या राज्यात या तिन्ही पंथांमध्ये सत्तेसाठी युद्धे झाली, आणि त्यांचे पडसाद पुढील शतकातील पक्षीय राजकारणातही उमटत राहिले. याच पंथांनी रुग्णालयांचे जाळेही उभारले. मेंगो येथील अँग्लिकन रुग्णालय १८९७ मध्ये आणि न्साम्ब्या येथील कॅथलिक रुग्णालय १९०३ मध्ये सुरू झाले. इदी अमीन यांची राजवट (१९७१–१९७९) आणि त्यानंतरचे यादवी युद्ध यांत शासकीय आरोग्ययंत्रणा मोडकळीस आली. तेव्हा ग्रामीण भागात जी काही सेवा टिकून राहिली, तिचा मोठा भाग मिशनरी रुग्णालयांचा होता.

व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या राकाई जिल्ह्यात १९८२ च्या सुमारास रोगी झिजत जाऊन मरू लागले. लोकांनी या रोगाला ‘स्लिम’ असे नाव दिले. १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी सत्तेवर आले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आरोग्यमंत्री रुहाकाना रुगुंडा यांनी जिनिव्हा येथील जागतिक आरोग्य परिषदेत आपल्या देशात एड्स असल्याचे जाहीरपणे सांगितले. अनेक शासने हे वास्तव नाकारत असण्याच्या त्या काळात या कबुलीचे महत्त्व मोठे होते. प्रशिक्षणासाठी क्यूबाला पाठविलेल्या ६० सैनिकांपैकी १८ बाधित आढळल्याचे फिडेल कॅस्ट्रो यांनी आपणास सांगितले, असे मुसेवेनी यांनी पुढे अनेकदा नमूद केले आहे.

सेवेपासून आरंभ

शासनाच्या घोषणेने मौन तुटले. परंतु रोग्याच्या अंथरुणापर्यंत शासन पोहोचू शकत नव्हते. ते काम अन्य लोकांनी केले. नोएरीन कलीबा या फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांचे पती ब्रिटनमध्ये शिकत असताना १९८६ मध्ये त्यांना एड्स झाल्याचे निष्पन्न झाले आणि जानेवारी १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रिटनमधील रुग्णालयात मिळालेली सन्मानाची वागणूक आणि मायदेशी अनुभवलेली भीती व टाळाटाळ यांतील अंतर कलीबा यांनी जवळून पाहिले. त्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टासो’ ही संस्था स्थापन केली. एकूण १६ संस्थापकांपैकी बहुतेक जण स्वतः बाधित होते. औषध नसलेल्या त्या काळात समुपदेशन, संधिसाधू आजारांवरील उपचार आणि रोगासह सन्मानाने जगण्याचा आग्रह ही संस्थेची साधने होती.

१९८७ मध्येच न्साम्ब्या रुग्णालयात सिस्टर मिरिअम डुगन यांनी, तर मसाकाजवळील किटोवू रुग्णालयात सिस्टर उर्सुला शार्प यांनी घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्याचे कार्यक्रम सुरू केले. खाटा अपुऱ्या होत्या आणि रोग्यांनाही आपल्या माणसांत मरण यावे असे वाटे. या भेटींचा आणखी एक परिणाम झाला. परिचारिका एखाद्या घरी येऊन रोग्याला निःशंकपणे स्पर्श करते, हे शेजाऱ्यांनी पाहिले. कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा हे शिक्षण प्रभावी होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मुस्लिम समाजातही हालचाल सुरू झाली. १९८८ मध्ये इस्लामिक मेडिकल असोसिएशनची स्थापना झाली आणि पुढील वर्षी धर्मनेत्यांनी एड्सविरुद्ध ‘जिहाद’ पुकारला. १९९२ पासून इमामांमार्फत कुटुंबांना शिक्षण देण्याचा प्रकल्प राबविण्यात आला. सुंतेसाठी एकच पाते अनेकांना वापरणे, मृतदेहाला स्नान घालताना हातमोजे न वापरणे असे विषय मशिदीशी संबंधित व्यक्तींनीच हाताळले. कंडोमचा उल्लेख आरंभी वगळण्यात आला होता. डॉक्टर व धर्मनेते यांच्यातील दीर्घ चर्चेनंतर तो समाविष्ट झाला. धर्मनेत्याला बाजूला सारून नव्हे, तर त्याच्याशी संवाद साधून हे परिवर्तन घडले, ही बाब लक्षणीय आहे.

उघडपणे बोलण्याचे मोल

१९८९ मध्ये लोकप्रिय गायक फिली लुताया यांनी आपणास एड्स झाल्याचे जाहीर केले आणि शाळा व चर्चमधून ते बोलत राहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये अँग्लिकन धर्मगुरू गिडिअन ब्यामुगिशा यांनी आपण बाधित असल्याचे सांगितले. उघडपणे असे सांगणारे ते आफ्रिकेतील पहिले धर्मगुरू मानले जातात. व्यासपीठावरून बोलणारा आणि रोगी ही दोन माणसे त्यांच्या रूपाने एकच झाली. संयम, एकनिष्ठता व कंडोम या त्रिसूत्रीत बाधित व्यक्तीला स्थान नाही आणि तिच्यामुळे रोग म्हणजे नैतिक अपयश असा समज होतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. विवाहाशी प्रामाणिक राहूनही पतीकडून बाधित झालेल्या असंख्य स्त्रियांच्या संदर्भात या युक्तिवादाचे बळ लक्षात येते.

शासनाच्या ‘झिरो ग्रेझिंग’ या घोषवाक्याचाही येथे विचार केला पाहिजे. गुरे मोकळी न सोडता गोठ्यातच चारण्याच्या पद्धतीवरून ते घेतले होते. घराबाहेर संबंध नकोत, एवढाच त्याचा आशय होता. त्यामुळे बहुपत्नीक कुटुंबांनाही तो परका वाटला नाही.

मर्यादा व अंतर्विरोध

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. बाधितांचे प्रमाण घटण्यास केवळ वर्तनबदल कारण नव्हता. मोठ्या संख्येने झालेले मृत्यूही त्यास कारण होते, याकडे राकाईतील अभ्यासकांनी २००५ मध्ये लक्ष वेधले. २००३ मध्ये घोषित झालेल्या अमेरिकी मदत कार्यक्रमामुळे औषधोपचार व्यापक झाले. परंतु प्रतिबंधाच्या निधीपैकी एक तृतीयांश भाग विवाहपूर्व संयमाच्या प्रचारासाठी राखून ठेवण्याची अट २००८ पर्यंत होती. या काळात काही चर्चचा भर शुश्रूषेकडून उपदेशाकडे सरकला.

२०२३ मध्ये संमत झालेल्या समलैंगिकताविरोधी कायद्याला अनेक धर्मनेत्यांनी पाठिंबा दिला. या कायद्यामुळे लोक उपचारांपासून दूर जातील, असा इशारा संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक यंत्रणेने दिला होता. एप्रिल २०२४ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला; मात्र आरोग्यसेवा मिळण्यास बाधा आणणारी कलमे रद्द केली. ज्या संस्थांनी १९८७ मध्ये रोग्याला दार उघडले, त्यांच्याच परंपरेतील काही जण आता विशिष्ट रोग्यांसाठी ते बंद करू पाहत होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, धर्मसंस्थांचा प्रभाव केवळ त्यांच्या नैतिक अधिकारातून निर्माण झाला नाही. रोग्याच्या घरी जाणे, त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाची विचारपूस करणे, या कृतींनी त्यांच्या शब्दाला वजन दिले. एकेकाळी परस्परांशी लढलेले पंथ या कार्यात समांतर उभे राहिले आणि २००१ मध्ये आंतरधर्मीय परिषदेच्या रूपाने एकत्रही आले. बाधितांनी स्वतः उभारलेल्या संघटनांनी त्या कार्याला वास्तवाची जाण दिली. जेथे सेवेपूर्वी पात्रतेची चौकशी सुरू झाली, तेथे मात्र हा विश्वास क्षीण झाला. साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना धर्माला केवळ अडथळा अथवा केवळ आधार मानणे अपुरे आहे. तो कोणाला आपल्या करुणेच्या कक्षेत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हे प्रत्येक काळात नव्याने तपासावे लागते.