आमचं एस्सेलवर्ल्ड : केसलापूरची जत्रा



परवा धाकटा शाळेच्या सहलीबरोबर हैदराबादच्या वंडरलाला जाऊन आला. दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. शेवटी त्यानं विचारलं, "बाबा, तुमच्या लहानपणी काय होतं?" माझ्या तोंडून आपसूक निघालं, "केसलापूर." मग त्याला सांगायला बसलो, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की त्या जत्रेतलं निम्मं मला तेव्हा कळलंच नव्हतं. म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

1989 मध्ये मुंबईला गोराईत एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. आमच्या तलमडुगुत तेव्हा टीव्ही असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. शेजारच्या काकांकडे ओसरीवर दाटीवाटीनं बसून आम्ही दूरदर्शन बघायचो, आणि एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागली की पोरांचा नुसता कालवा. पण मुंबई कुठं आणि आम्ही कुठं! आदिलाबादहून मुदखेडपर्यंत मीटरगेजची गाडी, तीही रखडत रखडत. बाबा म्हणायचे, "कापूस विकू दे, आपल्या एस्सेलवर्ल्डला नेतो." हे आपलं एस्सेलवर्ल्ड म्हणजे केसलापूरची नागोबाची जत्रा.

पौष अमावास्येला ही जत्रा भरते. आमच्याकडे तेव्हा कापूस वेचून झालेला असतो, हातात चार पैसे असतात आणि थंडी म्हणाल तर हाडं गोठवणारी. भल्या पहाटे माय दशम्या आणि तिळाची चटणी बांधून घ्यायची. तलमडुगुहून आदिलाबाद, तिथून उटनूरची बस, गुडिहतनूर करत मुतनूर. तिथून पुढं माणसांच्या लोंढ्यात धूळ तुडवत चालायचं. आकाशपाळण्याचं टोक झाडांच्या वर दिसलं की पाय आपोआप पळायला लागायचे.

काय नव्हतं तिथं! आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचा पाळणा, मौत का कुआँ, जादूचे खेळ, माणूस लांबडा-बुटका दाखवणारे आरसे, पडद्यावर ताजमहाल रंगवलेला फोटोवाला. जिलेबी, भजी, मुरमुरे, रेवड्या. आकाशपाळण्यात बसून वर गेलं की पोटात गोळा यायचा, आणि खाली सगळीकडं शेणीचा धूर, बैलगाड्या आणि माणसंच माणसं. माझ्यासाठी जत्रा तेवढीच होती. देवळात जायचं ते मायच्या धाकानं, आणि पुन्हा पळत पाळण्याकडं.

एका वर्षी मौत का कुआँच्या गर्दीत बाबांचा हात सुटला. आठ-नऊ वर्षांचा असेन. घाबरून वाट फुटेल तिकडं धावलो आणि मोठाल्या वडांखाली येऊन पोचलो. तिथं ओळीनं बैलगाड्या सोडलेल्या, चुली पेटलेल्या, सगळी माणसं गोंडीत बोलत होती. मला एक शब्द कळेना, म्हणून मोठ्यानं रडायला लागलो. तेवढ्यात मांडीवर किंगरी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "कोन्या गावचा रे पोट्टा तू?"

मराठी! चक्क आपली मराठी!

त्यानं मला शेकोटीजवळ बसवलं, भाकरीचा तुकडा हातात दिला. म्हणाला, "इथून हलू नको. हरवलेलं मानूस शोधाले सारे या वडाखालीच येतात." तासाभरानं बाबा आले. त्यांचा चेहरा मी अजून विसरलो नाही. त्यांनी खिशातून नोट काढली, तर म्हातारा हसला. "पाहुन्याकडून पैसे घेत असतात का?"

तो म्हातारा कोण, हे मला कैक वर्षांनी पुस्तकं वाचताना कळलं. ते परधान. गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा किंगरीवर गाणारे हे लोक. कथा गोंडीत सांगतात, पण आदिलाबादकडच्या परधानांची घरची बोली पिढ्यान् पिढ्या मराठी आहे. आपण समजतो की इकडं मराठी म्हणजे आपली चार घरं. पण ती त्या वडाखालीही होती.

आणि जत्रा? ती मुळात मेसराम कुळाच्या गोंडांची पूजा आहे. त्यासाठी मेसराम मंडळी अनवाणी चालत गोदावरीवरच्या हस्तिनामडुगुला जातात आणि तिथलं पाणी झारीत भरून आणतात. मडुगु म्हणजे तेलुगूत डोह. आमच्या गावाच्या नावातही तोच शब्द, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पाणी घेऊन आले की मुक्काम त्या वडांखाली. अमावास्येच्या रात्री त्या पाण्यानं नागोबाची पूजा होते, मग कुळात नव्यानं आलेल्या सुना पांढऱ्या साड्या नेसून, डोक्यावरून पदर ओढून देवापुढं आणि वडीलधाऱ्यांपुढं येतात. याला म्हणतात भेटिंग. भेटिंग झाल्याशिवाय सून कुळाच्या पूजेत बसत नाही. माय हे डोळे भरून बघायची आणि मी तिचा पदर ओढायचो, "चल ना, पाळणा बंद होईल."

जत्रेत सरकारी अधिकाऱ्यांचा दरबारही भरायचा. आम्हाला वाटायचं, भाषणंच ती. पण त्यामागंही गोष्ट आहे. जल-जंगल-जमिनीसाठी लढताना कोमरम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनं या लोकांचा अभ्यास करायला हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला बोलावलं. तो मारलवाई गावात येऊन राहिला. लोक आपलं गाऱ्हाणं घेऊन शहरात येणार नाहीत, तर साहेबांनीच जत्रेत जावं, या विचारातून 1940 च्या दशकात तो दरबार सुरू झाला. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नीच्या समाध्या आजही मारलवाईला आहेत.

आता एक गोष्ट, जी लिहू का नको असं झालं होतं. परतीच्या बसमधून इंद्रवेल्लीजवळ एक स्तूप दिसायचा. हरवलो होतो त्याच वर्षी मी विचारलं, "बाबा, हे कायचं?" बाबा म्हणाले, "झोप आता." बाबा एरवी कधी असं तोडून बोलायचे नाहीत.

20 एप्रिल 1981, सोमवार, इंद्रवेल्लीचा बाजाराचा दिवस. जमिनीच्या हक्कासाठी गोंड सभेला जमले होते. त्यांच्यावर गोळीबार झाला. सरकारी आकडा 13 मृतांचा, नागरी हक्क संघटनांनी त्याहून कितीतरी जास्त सांगितला. स्तूप त्यांचा आहे. आणि जमिनी कोणाकडं गेल्या होत्या? बाहेरून येऊन वसलेल्यांकडं. त्यात तेलुगू बोलणारे होते, तसे मराठी बोलणारेही होते. आपण 1956 ची गोष्ट नेहमी सांगतो, की किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं आणि आपण इकडं आंध्रात राहिलो, आपल्यावर अन्याय झाला. तेही खरंच. पण आपण येण्याआधी या रानात कोण होतं, ही गोष्ट आपल्या घरात सांगत नाहीत. बाबांनाही ती सांगवली नसावी. त्यांना दोष देत नाही. मी तरी पोराला कुठं सांगितली होती?

पुढं नोकरीनिमित्त मुंबईला गेलो तेव्हा एस्सेलवर्ल्डही बघितलं. बोटीतून खाडी ओलांडली, तिकीट काढलं, सगळ्या पाळण्यांत बसलो. मजा आली, खोटं कशाला बोलू! पण संध्याकाळी बाहेर पडताना कुणी विचारलं नाही, कोन्या गावचा तू म्हणून. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात तेही बंद पडलं. इकडं नागोबाचं नवं दगडी देऊळ मेसराम मंडळींनी स्वतः वर्गणी काढून बांधलं, 2022 मध्ये ते पूर्ण झालं. जत्रेला आता तेलंगणाच्या राज्य उत्सवाचा मान आहे.

येत्या पौषात धाकट्याला घेऊन जाणार आहे. आकाशपाळण्यात बसवीनच, तो त्याचा हक्क आहे. पण आधी वडाखाली नेईन, देवळात नेईन, आणि येताना स्तूपाजवळ उतरीन. तो विचारेल, "बाबा, हे कायचं?" तेव्हा "झोप आता" म्हणायचं नाही, एवढं ठरवलंय.

तुमच्यापैकी कोण कोण त्या जत्रेला गेलंय? ताजमहालाच्या पडद्यापुढचा एखादा फोटो ट्रंकेत असेल तर काढा बाहेर. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना विचारून ठेवा. आमचे बाबा आता नाहीत. मी विचारायचं ठेवलं, ते राहूनच गेलं.