प्राथमिक शाळेतील धार्मिक शिक्षण आणि पालकांची संमती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्राथमिक शाळेत येणारे मूल आपला धर्म निवडून येत नाही. वर्गात शिकविल्या जाणाऱ्या धर्माविषयी ‘हे मला नको’ असे म्हणण्याइतके त्याचे वयही नसते. म्हणून धार्मिक शिक्षणाच्या इतिहासात काय शिकवावे या प्रश्नाइतकाच, मुलाच्या वतीने कोणी व केव्हा बोलावे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात मुंबई इलाखा, इंग्लंड आणि भारतीय संविधान या तीन संदर्भांत या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

मुंबई इलाख्यातील अनुभव

१८४३ मध्ये मुंबईतील स्कॉटिश मिशनच्या शाळेशी संबंधित नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या सहवासात होता. वडिलांना न्यायालयात जावे लागले, तेव्हा मुलाचा ताबा त्यांना मिळाला. पुढे श्रीपतला स्वजातीत परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष पत्करला. येथे पालकाचा शब्द ऐकला गेला. परंतु तो सर्व काही घडून गेल्यानंतर.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवले. अनुदान देताना मात्र शाळेत कोणता धर्म शिकविला जातो याचा विचार करू नये, असे धोरण स्वीकारले. त्यामुळे मिशनच्या शाळांनाही अनुदानाचा मार्ग खुला झाला. अशा शाळेतील मुलाला धर्माच्या तासाला न बसविण्याचा हक्क पालकांना देणारी तरतूद या धोरणात नव्हती.

इंग्लंडमधील तरतूद

इंग्लंडमध्ये हा हक्क १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने दिला. धर्माचा तास शाळेच्या प्रारंभी किंवा शेवटी घ्यावा, त्याचे वेळापत्रक वर्गात सर्वांना दिसेल असे लावावे आणि पालकांची इच्छा असल्यास मुलाला त्या तासातून सूट द्यावी, असे कलम ७ मध्ये नमूद होते. १९४४ च्या कायद्याने धार्मिक शिक्षण व दैनिक सामूहिक उपासना शाळांवर बंधनकारक केली, तथापि सूट घेण्याचा हक्क कायम राहिला. या व्यवस्थेत पालक गप्प राहिले तर मूल वर्गात बसते. मौन म्हणजे होकार, हे तिचे गृहीतक आहे.

संविधानातील बदल

७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या विषयावर चर्चा झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्माची शिकवण देणे आणि धर्मांचा अभ्यास करणे यांतील भेद स्पष्ट केला. पुढे अनुच्छेद २८ (१) नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणास मनाई झाली. अनुच्छेद २८ (३) अनुदानित व मान्यताप्राप्त संस्थांना लागू आहे. तेथे अज्ञान विद्यार्थ्याच्या पालकाने संमती दिल्याशिवाय त्याला धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. इंग्लंडमधील क्रम येथे उलटा झाला. आधी संमती, मग सहभाग. मौन म्हणजे नकार. धर्मांविषयीचे शिक्षण आणि धार्मिक शिकवण यांतील भेद कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुन्हा मांडला व सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात तो ग्राह्य धरला.

निष्कर्ष

हा फरक वरवर शाब्दिक वाटतो. परंतु ज्या गावात एकच शाळा आहे, जेथे पालक अल्पशिक्षित आहेत किंवा संख्येने अल्प असलेल्या समाजातील आहेत, तेथे शिक्षकांसमोर जाऊन ‘माझ्या मुलाला वगळा’ असे सांगण्यास धैर्य लागते. शिवाय वगळलेले मूल वर्गाबाहेर एकटे पडते. संविधानाने हे धैर्याचे ओझे पालकावरून काढून संस्थेवर टाकले आहे. म्हणूनच अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेच्या परिपाठात एखाद्या धर्माची उपासना समाविष्ट असेल, तर ‘कोणाची हरकत आली नाही’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. हरकत नसणे आणि संमती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात धर्मांची माहिती कशी द्यावी याबरोबर हा भेदही शिकविला गेला पाहिजे, असे या आढाव्यावरून म्हणता येईल.