आंतरक्रियेची कुळकथा: बटाट्यापासून धानापर्यंत

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी 'पटेल ३' धानाच्या बांधीतून वेगळ्या लोंब्या निवडल्या आणि त्यातून 'एचएमटी' वाण आलं, हे चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून इथल्या संख्याशास्त्राच्या वर्गात आंतरक्रियेचा धडा मी धानापासूनच काढेन. वाण चांगलं का, असं विचारलं की शेतकरी उलट विचारतो: जमीन कोणती, आवत्या (थेट पेरणी) की रोवणा (लावणी), शेणखत किती? वाणावाणांतला फरक खताबरोबर बदलत असेल, तर ती आंतरक्रिया.

तिचं छापील मूळ मात्र बटाट्यात आहे. १९२३ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी बटाट्याच्या बारा वाणांवरचा खतांचा प्रयोग प्रचरण-विश्लेषणाने उलगडला. निष्कर्ष काय, तर वाणं खताला वेगवेगळा प्रतिसाद देतात याचा पुरावा नाही! शोधायला निघालेली गोष्ट पहिल्याच खेपेला गैरहजर.

आकड्यांचं ठरावीक वितरण गृहीत न धरणाऱ्या अप्राचल पद्धतींत आंतरक्रिया उशिरा शिरली. १९३७ची फ्रीडमनची कसोटी प्रत्येक गटात क्रम लावते, पण आंतरक्रिया नाहीच असं गृहीत धरते. हे अडलेलं काम हाती घेणाऱ्यांत मराठी माणसं होती: वसंत भापकर आणि अनिल गोरे यांची आंतरक्रियेची अप्राचल कसोटी १९७४ साली 'संख्या' या नियतकालिकात आली. 

१९८१मध्ये कोनोव्हर आणि इमान यांनी सोपी वाट सुचवली: सगळ्या आकड्यांना क्रम द्या आणि नेहमीचं विश्लेषण करा. विद्यार्थ्यांना ही वाट फार आवडते. १९८७पर्यंत दिसून आलं की आंतरक्रियेच्या बाबतीत ती फसवते.

ती का फसवते हे पाहायला फळ्यावरचे कल्पित आकडे घ्या. खताने एक वाण १० क्विंटलवरून २० वर जातं, दुसरं २० वरून ४० वर. वाढ १० आणि २०, म्हणजे आंतरक्रिया आहे. पटीत मोजलं तर दोन्ही दुप्पट, म्हणजे ती नाही. क्रम लावल्यावर तर या अंतरांचा मागमूसच राहत नाही. आलेखावर दोन वाणांच्या रेषा एकमेकींना छेदत असतील, तर मात्र आंतरक्रिया कुठल्याही वाढत्या मापावर टिकते.

हॉजेस आणि लेहमान यांनी १९६२मध्येच तोड सुचवली होती: आधी नको असलेले परिणाम वजा करा, मग क्रम लावा. पण ही वजाबाकी क्विंटलमध्ये करायची की पटीत, हे धान मोजणाऱ्यालाच ठरवावं लागतं.